एका खोलीतला गोवर

गोवराच्या लशीचा सरकारी लसीकरणात समावेश होण्यापूर्वीच्या काळात लालबागच्या चाळींच्या वस्तीत माझा लहानसा दवाखाना होता. आणि माघ-फाल्गुनाचे दिवस आले, की डोळे लाल झालेली, तापाने फणफणलेली मुले आयांच्या खांद्यावर मान टाकून तेथे येऊ लागत. गालाच्या आत पांढरे बारीक ठिपके दिसले, म्हणजे अंगावर पुरळ उठण्याआधीच निदान निश्चित होई.

या मुलांची दुखणी वर्षानुवर्षे पाहताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. शाळेतून अथवा गल्लीतून गोवर घेऊन येणारे मूल बहुधा लवकर सावरे. परंतु त्याच्याच अंथरुणात निजणारे भावंड दहा-बारा दिवसांनी आजारी पडले, म्हणजे त्याचा ताप अधिक चढे, पुरळ अधिक दाट येई, आणि न्यूमोनिया किंवा अतिसार होऊन रुग्णालयात धाडण्याची पाळी अधिक करून त्याच्यावरच येई. धाकट्यांचे वय कोवळे म्हणून असे घडते, हा सर्वसाधारण समज होता. पण आपल्या तान्ह्या भावाला रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसलेली नऊ वर्षांची एक धडधाकट मुलगी त्याच्याहून कितीतरी कठीण दुखण्यात सापडलेली मी पाहिली, तेव्हा त्या समजाने माझे समाधान होईना.

पुढे पीटर ऑबी या डॅनिश मानववंशशास्त्रज्ञाचे संशोधन वाचनात आले. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ येथे १९७९ साली आलेल्या गोवराच्या साथीचा घरोघरचा तपशील तपासताना, मृत्यूचे कारण केवळ कुपोषण नव्हे, तर घरातील दाटी हे आहे, असे त्यांना आढळले. घराबाहेर लागण झालेल्या मुलांपेक्षा घरातच भावंडाकडून लागण झालेली मुले अधिक प्रमाणात दगावली होती. दीर्घकाळच्या निकट सहवासात शरीरात शिरणाऱ्या विषाणूंची मात्रा मोठी असते, आणि शरीराने प्रतिकाराची तजवीज करण्यापूर्वीच रोग बळावतो, असा त्यांचा तर्क होता. कांजिण्यांतही घरातल्या दुसऱ्या रुग्णाच्या अंगावर फोड अधिक उठतात, हे वैद्यकात ज्ञात आहेच.

म्हणूनच चाळीतली एखादी आजी, "डॉक्टर, एकदाचा धाकटीलाही येऊन जाऊ दे, म्हणजे घरातली पीडा टळेल," असे म्हणून दोघांना एकाच पांघरुणात निजवी, तेव्हा माझ्या जिवाचा थरकाप होई. त्या बोलण्यात माया होती, पिढ्यांचा अनुभव होता. पण जी पीडा टळावी अशी तिची इच्छा, तिचेच बळ त्या पांघरुणाखाली वाढत होते. मी निरोगी मुलाला गॅलरीत निजवण्यास आणि खिडक्या उघड्या ठेवण्यास सांगत असे. तथापि या इलाजाची मर्यादाही मला ठाऊक होती. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून रोगी रोग पसरवू लागतो, त्याने सोडलेले विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत तरंगत राहू शकतात, आणि दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे राहतात, तेथे विलगीकरणाचा हुकूम अमलात यायचा कसा?

१९८५ साली सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस आली, तेव्हा या प्रश्नाचे खरे उत्तर हाती आले. कारण रोग ओळखू येण्याच्या कितीतरी आधी पोहोचणारा इलाज हा एकच आहे. तरीही २०२२ साली गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराची साथ उसळली आणि मुले दगावली. गरिबाच्या मुलांना ऐसपैस घर मिळेल तेव्हा मिळो, आणि ते मिळालेच पाहिजे. परंतु नऊ महिने पूर्ण होताच पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा त्यांना मिळणे हे आजच्या आज शक्य आहे. आजारी भावाला मांडीवर घेण्याची बहिणीची ओढ कोणत्याही वैद्याने मोडू नये. त्या ओढीची किंमत तिला आपल्या प्राणाने मोजावी लागू नये, एवढी व्यवस्था करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.