वाटखर्ची

परदेशात पैसे कसे न्यायचे, या प्रश्नाला ट्रॅव्हल एजंटकडे एका ओळीचं उत्तर असतं: कार्ड न्या, थोडी रोख ठेवा. हॉटेलात उतरणाऱ्याला ते पुरतं, तंबूत राहणाऱ्याला पुरत नाही. तंबूला कुलूप नसतं, कपाट नसतं, भिंत म्हणजे नुसतं कापड. त्यामुळे पैसा पूर्वी जिथे असायचा तिथे, म्हणजे अंगावर, परत येतो. मराठीतले पैशाचे कितीतरी शब्द कापडातूनच आले आहेत. गाठीला असणं, कनवटीला लावणं, पदरमोड करणं, पदराला खार लागणं. चोरखिसा हा तर माझा आवडता शब्द. खिसा चोरापासून लपवण्यासाठी, पण शब्दात चोरच आधी येऊन बसलेला.

२०२४ च्या जुलैमध्ये मी आणि माझी सोळा वर्षांची मुलगी सोळा दिवस पश्चिम नॉर्वेत तंबू घेऊन हिंडलो. तंबूचं कारण निसर्गप्रेम वगैरे नव्हतं. तिथल्या हॉटेलांचे दर भाषांतरकाराला झेपणारे नाहीत, एवढंच. शिवाय तिथे १९५७ चा एक कायदा आहे, त्यानुसार मोकळ्या माळावर कुणालाही तंबू ठोकता येतो. राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं आणि वस्तीच्या आसपास एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त थांबायचं नाही. आम्ही दोन रात्री अशा फुकट काढायचो आणि तिसऱ्या रात्री आंघोळीसाठी कॅम्पिंगच्या जागी पैसे भरून उतरायचो.

मला भाषांतराचे शब्दाला एक रुपया मिळतो. क्रोन तेव्हा साधारण आठ रुपयांचा होता. एका गावच्या न्हाणीघरात दहा क्रोनांची दोन नाणी टाकली की सहा मिनिटं गरम पाणी यायचं. म्हणजे एका आंघोळीला एकशेसाठ शब्द, अर्ध्या पानाहून थोडं अधिक. तंबूची जागा तीनशे क्रोन, म्हणजे चोवीसशे शब्द, एक बऱ्यापैकी लघुकथा. दोन-तीन दिवस माझं हे असं चाललं होतं. मग मुलगी म्हणाली, "आई, तू आंघोळीचं पण भाषांतर करतेस."

निघण्यापूर्वी वडोदऱ्यात महिनाभर कार्डांचा अभ्यास केला होता. परदेशासाठी आधी पैसे भरून ठेवायचं माझ्या बँकेचं जे कार्ड होतं, त्यात क्रोन नव्हताच. रुपयांचे युरो करायचे आणि तिथे खर्च करताना युरोचे क्रोन व्हायचे. दोनदा वटाव. साध्या क्रेडिट कार्डावर दर खर्चामागे साडेतीन टक्के आणि वर जीएसटी. ही युरोची वाट मला फार ओळखीची वाटली, कारण नॉर्वेजियन साहित्य आपल्याकडे याच पद्धतीने आलंय, मधल्या भाषेच्या पुलावरून. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'चं मूळ ब्यर्नसनच्या नाटकात आहे. इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' अनंत काणेकरांनी 'घरकुल' म्हणून मराठीत आणलं. पुलावर दोन्हीकडे जकात द्यावी लागते, हे आम्हा लोकांना सांगायला नको. तरी मी क्रेडिट कार्डच मुख्य ठेवलं, कारण साडेतीन टक्के निदान डोळ्यांना दिसत होते. दुसरं कार्ड मुलीच्या पाठपिशवीत, एक आपत्कालीन नोट माझ्या चोरखिशात, अशी वाटणी ठरली.

आणि मग आईने वीस हजार रुपये आणून दिले. पाचशेच्या चाळीस नोटा, चहाच्या पत्र्याच्या डब्यातून काढलेल्या. तो डबा मी लहानपणापासून पाहत आले आहे. घरखर्चातून वाचवलेले, बाबांना ठाऊक नसलेले पैसे त्यात असायचे. माझी एम.ए.ची एका वर्षाची फी त्यातूनच भरली गेली होती, आणि ती कुठून आली हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. आता बाबा नाहीत, आईला स्वतःची पेन्शन आहे, लपवायचं कुणापासून नाही, तरी डबा चालूच आहे.

"ही वाटखर्ची," ती म्हणाली. "नातीजवळ राहू दे. आणि कार्डात घालू नकोस. कार्डातले पैसे जाताना दिसत नाहीत."

"आई, तिकडे रोख कुणी घेतसुद्धा नाही."

"परक्या गावात हातात नाणं हवं." विषय संपला.

पैसे बदलून देणाऱ्याकडे क्रोन नव्हते. चार दिवसांनी मागवून दिले, दोन हजार तीनशे पन्नास. दोनशेच्या नोटेवर कॉड मासा आहे हे पाहून मुलगी खूश झाली. तिने ते सगळे एका रुमालात बांधले आणि एक छोटी वही केली.

रोखीबाबत पहिल्या आठवड्यात तरी माझंच खरं होतं. बर्गनमध्ये एका बेकरीत तिने मासेवाली नोट पुढे केली तर काउंटरवरची मुलगी नम्रपणे कार्डाच्या यंत्राकडे बोट दाखवू लागली. (त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून नॉर्वेत रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने अधिक पक्का करण्यात आला. आम्ही तोवर परत आलो होतो.) तर, कार्डाचं यंत्र. त्यावर एक प्रश्न उमटला: क्रोनमध्ये भरणार की रुपयांत? मुलगी आनंदली. "आई, आपले रुपये!" बोट रुपयांवर जाणार, इतक्यात मी तिचा हात धरला.

परमुलखात कुणी आपल्या चलनात बोलू लागलं की बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याचेच पैसे लावलेले असतात. रुपये निवडले की दर आपल्या बँकेचा लागत नाही, त्या यंत्रामागे जो कुणी आहे त्याचा लागतो, आणि तो सहसा महागच असतो. नेहमी तिथलंच चलन निवडायचं. हे मी तिला नीट समजावलं, आणि समजावताना मला नोराचं कर्ज आठवलं.

नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून इटलीच्या प्रवासासाठी नोरा त्याला न सांगता कर्ज काढते, बापाची खोटी सही करून. बाईने लपूनछपून उभा केलेला परदेशप्रवासाचा खर्च, अख्खं नाटक त्यावर उभं आहे. तो आकडा मूळ नाटकात दोन तऱ्हांनी येतो: बाराशे स्पेसीडालर आणि चार हजार आठशे क्रोन. नॉर्वेने क्रोन स्वीकारला १८७५ मध्ये, नाटक आलं १८७९ मध्ये. नवं नाणं जिभेवर अजून रुळलेलं नव्हतं. आपल्याकडे १९५७ मध्ये नवे पैसे आल्यावरही लोक कित्येक वर्षं चार आणे, आठ आणेच म्हणत होते, तसंच. एका जुन्या इंग्रजी भाषांतरात मात्र याचे सरळ अडीचशे पौंड झाले आहेत. वाचकाला सोय झाली, पण जुन्या-नव्या नाण्यांत चाचपडणारी माणसं गेली. विद्यार्थिदशेत मला तो भाषांतरकार हुशार वाटायचा. बर्गनच्या त्या बेकरीत तो मला कार्डाच्या यंत्रासारखा वाटला.

हार्डांगर फ्योर्डच्या काठी लोफ्थूस नावाचं फळबागांचं गाव आहे. तिथे रस्त्याच्या कडेला एक टेबल, वर चेरीच्या टोपल्या, शेजारी पत्र्याची पेटी, आणि माणूस कोणीच नाही. पाटीवर लिहिलेलं: टोपली पन्नास क्रोन, आणि फोनवरून पैसे द्यायचा व्हिप्सचा नंबर. व्हिप्स आमच्यासारख्या पाहुण्यांना वापरता येत नाही, आणि पेटीत कार्ड खुपसता येत नाही. मुलीने रुमाल सोडला. आंघोळीसाठी मोडून ठेवलेली चिल्लर होती, त्यातली दहाची पाच नाणी तिने एकेक करून आत टाकली, आवाज ऐकत. बंगालीत खुचरो, गुजरातीत छुट्टा, कन्नडमध्ये चिल्लरे, तमिळमध्ये सिल्लरै. चिल्लर हा शब्द आपण दक्षिणेशी वाटून घेतलाय हे मी तिला सांगू लागले, पण तिचं तोंड चेरीने भरलेलं होतं.

त्या संध्याकाळी तिने आजीला फोनवर पाच क्रोनचं नाणं दाखवलं. त्याला मधोमध भोक असतं. आई फोनच्या इतकी जवळ आली की नुसतं कपाळ दिसू लागलं. "अगं, हा तर भोकाचा पैसा!" १९४३ ते ४७ मधले ते पैसे तिच्या लहानपणी अजून चलनात होते.

पुढे दोन रात्री सलग पाऊस लागला. तंबूला खालून ओल चढली, झोपायच्या पिशव्या भिजल्या. कॅम्पिंगच्या जागेवर लाकडी खोली होती, नऊशे क्रोनांना. सात हजार दोनशे शब्द. मी आकडा मोठ्याने म्हटला नव्हता, पण माझे ओठ हलले असावेत. मुलीने रुमालातून पाचशेची एक आणि मासेवाल्या दोन नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. तिथल्या बाईंनी रोख घेतली. "आजीचे पैसे शब्दांत नाही मोजायचे," मुलगी म्हणाली. त्या रात्री हीटरवर मोजे वाळत होते आणि आम्ही दोघी वरच्या-खालच्या फळीवर झोपून खिडकीतला न मावळणारा उजेड पाहत होतो. मी खरंच काही मोजलं नाही.

परतल्यावर तिच्या वहीप्रमाणे एकशे पंचाऐंशी क्रोन उरले होते. शंभराची नोट त्याच दुकानदाराने पडत्या भावात परत घेतली. नाणी कुणी घेत नाही. मुलगी वही घेऊन आजीसमोर बसली आणि एकेक ओळ वाचू लागली. चेरीपाशी आईने तिला थांबवलं.

"त्या पेटीत पैसे टाकले की नाही, ते कोण बघतं?"

"कोणीच नाही."

"पाटीवर किती लिहिले होते?"

"पन्नास."

"आणि तू किती टाकलेस?"

"पन्नास."

"बरं," आई म्हणाली. "पुढे वाच."