गुण आल्यानंतरची दोन वर्षे

माळव्यातील आपल्या मराठी घरांच्या अंगणात तुळशीशेजारी बहुधा सदाफुली असते. पाणी घालावयाचे राहिले तरी ती फुलते, म्हणून तिचे कौतुक कोणी करीत नाही. याच झाडापासून व्हिन्क्रिस्टीन हे औषध मिळते आणि रक्ताच्या एका उग्र कर्करोगावर ते आजही प्रमुख मानले जाते, हे मला धाकट्या भावाच्या दुखण्यामुळे कळले. (पाने मात्र कोणी चघळू नयेत, ती विषारी असतात.)

एकेचाळिसाव्या वर्षी त्याला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झाला. हा आजार विशेषतः मुलांत आढळतो व मुले त्यातून बहुसंख्येने बरी होतात. प्रौढांना तो जड जातो. राजगढहून इंदूर, इंदूरहून मुंबई अशी आमची वारी सुरू झाली. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियानेच वारल्या होत्या. टाटा घराण्याच्या त्या दुःखातून परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उभे राहिले.

पहिल्या महिन्याभराच्या तीव्र उपचारांनी रक्तातील दुष्ट पेशी दिसेनाशा झाल्या. मेंदूभोवती त्या दडून बसतात म्हणून पाठीच्या कण्यातूनही औषध दिले गेले. मग काही महिन्यांचे आणखी उपचार आणि त्यानंतर दोन वर्षे घरी गोळ्या : मर्कॅप्टोप्युरीन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.

खरी परीक्षा येथेच होती. तो चालू फिरू लागला, डोक्यावर केस आले आणि गणपतीत आलेले आप्तेष्ट म्हणू लागले, "आता छान दिसतोस, औषधे कशाला?" एके रात्री तोही म्हणाला, "दादा, रक्त स्वच्छ आहे म्हणतात. मग या गोळ्यांनी तोंड का कडू करून घ्यायचे?"

मी आयुष्यभर मुलांना उपदेश केला, पण त्या रात्री उपदेश सुचला नाही. एवढेच म्हटले, "शेतातली हरळी उपटली की रान स्वच्छच दिसते. मुळाचा एक तुकडा राहिला तर पहिल्या पावसात काय होते, ते तुला मी सांगायला नको." तो काही बोलला नाही. सकाळी भावजयीने 'कालनिर्णय'वर प्रत्येक रविवारी लाल खूण केली. तिच्याजवळच थर्मामीटर टांगला आहे. ताप शंभरावर गेला की रात्र असो वा पाऊस, इंदूर गाठावयाचे.

आजार उलटल्यास काही रुग्णांसाठी आता नवा मार्ग आहे. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना शत्रू ओळखावयास शिकवून परत शरीरात सोडतात. मुंबईची आय.आय.टी. व टाटा स्मारक केंद्र यांनी घडविलेल्या या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याची पाळी आमच्यावर न येवो.

अजून अकरा महिने बाकी आहेत. वाचकांस एवढीच विनंती, की अशा घरी भेटीस गेलात तर "आता औषधे कशाला?" असे विचारू नका. "आजची गोळी झाली का?" असे विचारा.