आई येणार म्हणून...

घरी कुणी येणार असलं की तुम्ही आधी काय आवरता? मी हॉल आवरला. खुर्चीवरचा कपड्यांचा डोंगर कपाटात कोंबला, लॅपटॉपच्या वायरी गुंडाळल्या, रूम फ्रेशनर मारला. वाकडमधला माझा भाड्याचा वन बीएचके एकदम बिल्डरच्या ब्रोशरमधल्यासारखा दिसायला लागला. मग ऐटीत स्वारगेटला गेलो, आईला आणायला.

कराडची एसटी वेळेवर आली. घरी पोचल्यावर आईनं हॉलकडे ढुंकूनही बघितलं नाही. पायांवर पाणी घेतलं आणि ती थेट किचनमध्ये गेली. सिंकसमोर उभी राहिली. नळाच्या बुडाशी जमलेल्या पांढऱ्या थरावर नखानं एक रेघ ओढली आणि म्हणाली, "चहा मी टाकते."

बस्स. एवढंच.

आता यात टेन्शन घेण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. तर सांगतो. बाबा गेल्याला दोन वर्षं झाली. आई कराडच्या घरात एकटी असते आणि तिला दमा आहे. माझ्याकडे कायमची ये, हे मी फोनवर शंभर वेळा सांगून झालंय. "तुझं तुला होत नाही, त्यात माझी भर कशाला," हे तिचं ठरलेलं उत्तर. या वेळी मात्र 'आठ दिवस येऊन बघते' म्हणाली होती. म्हणजे माझं अप्रेझलच! आणि पहिल्या दहा मिनिटांत सिंकनं माझं रेटिंग घालवलं.

सिंकची बाजूही सांगायला हवी. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. ते पाणी इतकं जड की तांब्यात ठेवलं तरी तांब्याला कड धरते. त्यात माझे रात्रीचे कॉल्स, मॅगीची पातेली, आणि 'उद्या घासू' हा आयुष्याचा फंडा. स्टीलचा रंग कधी गेला ते मला कळलंच नव्हतं. जाळीतून वासही यायचा. सवय झाली होती.

प्रवासानं दमलेली आई जेवून हॉलमध्येच आडवी झाली. गुडघ्यांमुळे तिला माझा उंच बेड नको असतो, खाली गादी बरी वाटते. ती झोपली तेवढ्यात आपण सिंक चकाचक करून टाकू, उठल्यावर सरप्राइज, असा माझा प्लॅन. बाथरूममधला टॉयलेट क्लीनर आणला आणि अख्ख्या सिंकमध्ये ओतला. नळावरही. पांढरा थर फसफसून गेला. सॉलिड वाटलं! मग वासाचा बंदोबस्त म्हणून घरात पडलेली ब्लीचिंग पावडर घेतली आणि दोन चमचे जाळीवर टाकली.

कॉमर्सवाल्यांना माफ करता येईल. मी इंजिनियर आहे. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते ब्लीचला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, ईप्रच्या खंदकांवर सोडला होता तोच. स्विमिंग पूलचा वास हजारपट होऊन नाकात घुसला, डोळ्यांतून पाणी आलं, मी खोकत मागे सरलो. आणि दुसरी गोष्ट मला नंतर आठवली. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असतो. तो खाली उतरतो. जमिनीलगत.

आई गादीवर होती.

तिच्या खोकल्यानंच मी भानावर आलो. ती उठून बसली होती, एक हात छातीवर आणि दुसरा पर्समध्ये पंप शोधत. मी खिडक्या उघडल्या, तिला धरून जिना उतरलो. सोसायटीच्या गेटबाहेरच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी नेब्युलायझर लावला, ऑक्सिजन तपासला आणि तासभर बसवून ठेवलं. मला फक्त एवढंच विचारलं, "काय काय मिसळलंत?" मी सांगितलं. शेजारी आई मास्कमधून माझ्याकडे बघत होती. तिच्या पायात माझ्या चपला होत्या, दोन नंबर मोठ्या.

घरी आल्यावर ती रागावली असती तर बरं झालं असतं. "माझ्यासाठी करायला गेलास?" असं तिनं विचारलं. मी मान हलवली. मग ती झोपली, खिडकीशी. मी रात्रभर तिचा श्वास मोजत जागा.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी उठलो तर आई सिंकसमोर उभी. काल धुऊन काढलेल्या सिंकच्या तळाशी एक करडा, मंद पट्टा उमटला होता. अ‍ॅसिडची कृपा. स्टेनलेस स्टील चमकतं आणि गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. त्याचा एक अगदी पातळ थर वर तयार होतो. अ‍ॅसिड नेमका तोच खातं. तो पट्टा आता जाणार नाही. डिपॉझिट कापताना घरमालक बघतीलच.

"चिंच आहे का?" आईनं विचारलं.

चिंच? माझ्याकडे सॉसची सतरा पाकिटं होती, चिंच नव्हती. वाण्याकडून आणली. तिनं ती कोमट पाण्यात कोळली, जुन्या बनियनचा फडका त्यात बुडवला आणि नळाला पट्टीसारखा गुंडाळला. देवाची तांब्या-पितळेची भांडी ती आयुष्यभर चिंचेनं घासत आलीय. नळाला का नको? चिंचेतही आम्लच, पण भलं माणूस. वीस मिनिटांनी फडका सोडला तर थर मऊ झालेला, जुन्या टूथब्रशनं निघून आला.

नळाच्या तोंडाची जाळी मी फिरवून काढली. आत वाळूसारखे पांढरे खडे! सहा महिने 'प्रेशर नाही' म्हणून मी वॉचमनशी भांडत होतो. आई मोबाइलचा टॉर्च धरून होती. "तुझ्या बाबांनी तीस वर्षांत मोरीत हात घातला नाही," ती सहज म्हणाली. मला वाटलं तक्रार आहे. तिच्याकडे बघितलं, तर हसत होती.

सिंकसाठी भांड्यांचं लिक्विड आणि खायचा सोडा, बास. तारेच्या घासणीला तिनं हातही लावू दिला नाही. त्या तारेचे कण अडकतात आणि तेच गंजतात. आणि स्टीलवर बारीक रेघा असतात ना, त्यांच्याच दिशेनं घासायचं, गोल गोल नाही. सोड्यावर व्हिनेगर ओतून ज्वालामुखी करायची माझी फार इच्छा होती. पण फेस दिसायला भारी, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं जवळपास नुसतं पाणी. शिवाय त्या दिवशी दोन गोष्टी एकत्र करायची माझी हिंमतच नव्हती.

शेवटी तिनं कोरड्या फडक्यानं सगळं पुसून घेतलं. नळसुद्धा. "थेंब वाळला की डाग. तो वाळायच्या आत पुसायचा. रोज. एक मिनिट लागतं." मग तोच फडका माझ्या हातात दिला आणि जाळीशी राहिलेल्या चार थेंबांकडे बोट दाखवलं.

ठरल्याप्रमाणे आठव्या दिवशी ती गेली. कायमचं येण्याबद्दल तीही बोलली नाही, मीही नाही. संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर सिंकखालचं दार उघडलं, तर फडका घडी घालून ठेवलेला. शेजारी बरणीत चिंच. आणि त्यामागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिच्या घरातल्या चपला.