शितावरून भाताची परीक्षा, पण पेशींची?

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आपण स्वयंपाकघरातच शिकतो. एक शीत बोटांत दाबून पाहावे आणि पातेले उतरवावे. थोरल्या भावाच्या आजारपणाने मात्र या म्हणीवरचा माझा विश्वास डळमळला.

दादाला रक्ताचा कर्करोग झाला होता. उपचारांनंतरच्या अहवालात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. त्या दिवशी घरी पुरणपोळी झाली. वर्षभरातच आजार परतला. “सगळे स्वच्छ होते ना, मग हा आला कुठून?” दादाच्या या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. डॉक्टर एवढेच म्हणाले, “काही मोजक्या पेशी इतरांसारख्या नसाव्यात. त्या औषधाला पुरून उरल्या.”

त्या वाक्यामागचे शास्त्र मी पुढे वाचत गेलो. पूर्वी ऊतीच्या तुकड्यातील असंख्य पेशी एकत्रच तपासल्या जात. हाती येई ती सरासरी. एखादी वेगळी पेशी तीत बुडून जाई. २००९ मध्ये उंदराच्या भ्रूणातील एकाच पेशीत कोणती जनुके कार्यरत आहेत, हे संशोधकांनी वाचून दाखवले. आज प्रत्येक पेशी तेलाने वेढलेल्या सूक्ष्म थेंबात वेगळी करतात आणि तिच्या आरएनएला तिची अशी ओळखखूण जोडतात. त्यामुळे हजारो पेशींचे वाचन एकदम केले, तरी कोणता मजकूर कोणत्या पेशीचा हे कळते. एकाच रुग्णाच्या कर्करोगपेशीही परस्परांहून किती भिन्न असतात, ते यातून उमगले.

२०१८ मध्ये याच पद्धतीने श्वासनलिकेत एक अपरिचित पेशीप्रकार सापडला. त्याचे प्रमाण जेमतेम शंभरात एक. परंतु सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराशी निगडित जनुक सर्वाधिक सक्रिय होते ते त्याच पेशींत!

हे तंत्र अद्याप मुख्यतः संशोधनापुरते आहे. नेहमीच्या तपासणीत त्याचा आग्रह धरू नये. त्याची शिकवण मात्र घरोघरी उपयोगी पडावी. अहवालातील ‘आढळले नाही’ म्हणजे ‘उरले नाही’ असे नव्हे. म्हणून बरे वाटू लागले, तरी डॉक्टरांनी दिलेली फेरतपासणीची तारीख चुकवू नका.

दादाने पुन्हा उपचार घेतले. आता फेरतपासणीच्या दिवशी तो सर्वांआधी तयार होऊन बसतो. आई अजूनही एकच शीत दाबून भात उतरवते. आम्ही दोघे हसतो, आणि जेवायला बसतो.