नकाशावरच्या फुल्या

ऑटोकॅडमध्ये एफ-7 ही कळ दाबली की पडद्यावर एक जाळी उमटते. पूर्वी ती ठिपक्यांची असे, नंतरच्या आवृत्त्यांत बारीक रेघांची झाली. रेखाटणाऱ्याचा हात सरळ राहावा, नजरेला अंतराचा अंदाज यावा, एवढेच तिचे काम. ती छापली जात नाही. कागदावर जाळी हवी असेल तर ती निराळी काढावी लागते: एक उभी रेघ, एक आडवी रेघ, ठरावीक अंतरावर त्यांच्या प्रती आणि कडेला प्रत्येक रेघेचा आकडा. अर्ध्या तासाचे काम. कोल्हापुरात नकाशे काढून पोट भरताना मी ते कित्येक वर्षे टाळले. त्यात आळस होताच. पण ही जाळी कोणासाठी काढायची हेच मला उमगले नव्हते, असे आज वाटते.

ते उमगले 2019 च्या महापुरानंतर. त्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली होती. तेथे 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे कोल्हापूरकराला पाढ्यांसारखे पाठ असते. पाणी ओसरल्यावर काही महिन्यांनी नदीकाठच्या एका गावातले एक काका माझ्याकडे आले. त्यांच्या हातात दोन नकाशे होते. एक त्यांच्या वस्तीतल्या भूखंडांचा, बऱ्याच वर्षांपूर्वी मीच काढलेला. दुसरा पूररेषेच्या नकाशाची प्रत. घराच्या भिंती खचल्या होत्या, नव्याने बांधायचे होते. "आमचं घर निळ्या रेघंच्या आत हाय का भाईर, तेवढं सांगा साहेब," ते म्हणाले.

निळी पूररेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधले क्षेत्र निषिद्ध, निळी आणि लाल यांमधले नियंत्रित. प्रश्न साधा होता, आणि त्यावर एका कुटुंबाचे घर अवलंबून होते. एक नकाशा दुसऱ्यावर ठेवायचा आणि पाहायचे. मी जुनी फाईल उघडली; आणि तो ठेवायचा कसा, हेच मला कळेना.

पूररेषेच्या नकाशावर जाळी होती, आकडे होते. माझ्या नकाशावर दोन्ही नव्हते. सर्व्हेअरने टोटल स्टेशन पहिल्या जागी उभे केले आणि त्या जागेचे निर्देशक 1000, 1000 असे मानून पुढचे सारे बिंदू मोजले होते. ही सर्रास चालणारी रीत आहे. आरंभ शून्यापासून केला तर मागच्या बाजूचे बिंदू ऋण संख्येत जातात, म्हणून हजार. आपल्या मोजणीची पहिली रेघच त्याने उत्तर मानली होती आणि मी कोपऱ्यात उत्तरेचा बाण, काहीही न विचारता, सवयीने सरळ वर काढून दिला होता. प्रत्येक भूखंडाची लांबी-रुंदी सेंटीमीटरपर्यंत बरोबर होती. ती वस्ती पृथ्वीवर कुठे आहे, एवढेच त्या नकाशाला ठाऊक नव्हते.

अशा नकाशांची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. भूमी अभिलेखातले टिपण पाहावे. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा. आधाररेषेपासून बांधाचे प्रत्येक वळण किती साखळ्या आणि किती आणे दूर आहे, ते टिपणात लिहिलेले असते. त्यावरून शेत पुन्हा आखता येते, भाऊबंदांचा तंटा मिटवता येतो. शेत कुठे आहे हे टिपण सांगत नाही, कारण ते वाचणारा त्या शेतातच उभा असतो. माझा नकाशाही असाच जागेवर उभ्या असलेल्या माणसाशी बोलत होता. पूररेषा आखणारा मात्र त्या वस्तीत उभा नव्हता. त्याची रेघ अनेक गावांच्या शिवारांतून जाते, म्हणून ती साऱ्यांना सामाईक अशा आकड्यांतच मांडावी लागते.

कोल्हापूरचे हे सामाईक आकडे मी तेव्हा प्रथमच नीट पाहिले. यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे 6 अंश रुंदीचे 60 पट्टे पाडलेले आहेत. आपण 43 व्या पट्ट्यात, त्याचे मध्य रेखावृत्त 75 अंश पूर्व. पट्ट्याच्या पश्चिम भागात ऋण संख्या येऊ नयेत म्हणून त्या रेखावृत्ताला 5,00,000 मीटर हा आकडा दिलेला असतो. आपले शहर त्याच्या पश्चिमेला 80 किलोमीटरांहून थोडे अधिक. त्यामुळे अंबाबाईच्या देवळाचे निर्देशक अंदाजे 4,17,000 आणि विषुववृत्तापासून उत्तरेला 18,46,000 असे येतात. सर्व्हेअरच्या हजाराचेच हे थोरले भावंड. तेही मानलेलेच आहे, पण साऱ्यांनी मिळून मानलेले आहे.

शिवाय ते कशावर आधारलेले आहे, हेही लिहावे लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटांत 74 अंश 15 मिनिटांची सीमारेघ शहराच्या पूर्व भागातून जाते: देऊळ आणि रंकाळा 47 एल/2 वर, उजळाईवाडीचा विमानतळ 47 एल/6 वर. हे दोन कागद जोडणारा धागा म्हणजे त्यांच्या कडेचे आकडे. पण ती जुनी पत्रके एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेली; 2005 च्या नकाशा धोरणानंतर नागरी वापराची पत्रके डब्ल्यूजीएस-84 वर आली. त्याच देवळाच्या जुन्या आणि नव्या स्थानांत शंभर मीटरांहून अधिक फरक पडतो. शंभर मीटरांत निळी रेषा येते आणि जातेही.

आम्ही वस्तीत जाऊन हद्दीचे दोन जुने दगड शोधले आणि डीजीपीएसने त्यांचे निर्देशक घेतले. ऑटोकॅडमधल्या अलाइन या आज्ञेने माझा नकाशा त्या दोन बिंदूंवर बसवला. आकार लहान-मोठा करू का, असे ती आज्ञा विचारते. मी नको म्हटले. या पट्ट्यात, आपल्या भागात, जमिनीवरचे अंतर आणि जाळीवरचे अंतर यांत किलोमीटरमागे 30 ते 40 सेंटीमीटरांचा फरक पडतोच, आणि भूखंडांची मापे जमिनीवरचीच राहायला हवी होती. नकाशा पडद्यावर सुमारे 11 अंशांनी फिरला. इतकी वर्षे माझा उत्तरेचा बाण तेवढे खोटे बोलत होता.

मग जाळी काढली. पूर्ण रेघांनी भूखंडांचे क्रमांक झाकले जातात, म्हणून दर 100 मीटरांवर फक्त छेदबिंदूंच्या फुल्या ठेवल्या; 1:1000 या प्रमाणात कागदावर दर 10 सेंटीमीटरांवर एक. कडेला आकडे, कोपऱ्यात पट्टा आणि आधार. काकांचा भूखंड निळ्या रेषेच्या बाहेर आणि लाल रेषेच्या आत आला. त्याचा मागचा कोपरा निळ्या रेषेपासून जेमतेम चार मीटरांवर होता. घर बांधता येणार होते, पण अटींवर, जोते उंच उचलून.

काकांनी बराच वेळ कागद न्याहाळला. "ह्या फुल्या कशाला काढल्यासा?"

"उद्या कुणी तिसरा नकाशा घेऊन आला, काका, तर त्याला तो ह्याच्यावर बसवता यावा म्हणून."

"म्हंजे आमच्यासाठी न्हाईत," ते म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

जुलै 2021 मध्ये पंचगंगा पुन्हा धोक्याच्या पातळीवर गेली. पाणी उतरल्यावर गावातल्या एका मुलाने भिंतींवरच्या पुराच्या खुणांचे निर्देशक घेतले आणि ते त्या नकाशावर मांडले. हे मला पुढे कित्येक महिन्यांनी, सहज बोलताना कळले. त्यासाठी त्याला माझ्याकडे यावे लागले नव्हते.