दोन कुट्या, एक संसार

वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटरांवर आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता तेथे गेलो. निमित्त विश्रांतीचे होते. मनात मात्र एक निर्णय घोळत होता. मुले परगावी, घर मोठे, जिना चढताना पत्नीचे गुडघे कुरकुरू लागलेले. आता दोन खोल्यांच्या घरात राहावे, असे मी ठरवून टाकले होते. काढून टाकायच्या वस्तूंची यादीही केली होती.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी येथे प्रथम आले, तेव्हा हे गाव शेगाव होते. १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. मातीच्या भिंती, बांबू आणि कौलांचे छप्पर एवढ्यावर उभी असलेली बापू-कुटी आपण पाहाल, तेव्हा पहिल्यांदा जाणवेल तो गारवा आणि दुसऱ्यांदा मोकळी जमीन. चटई, तक्क्या, लिहिण्याचे छोटे मेज, चरखा. चालताना पायात येईल असे काही नाही.

जवळच कस्तुरबांची कुटी आहे. आरंभीच्या आदी निवासात सर्वांचा एकत्र वावर असे. त्या गर्दीत बांना एकांत मिळेना, म्हणून जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी ही निराळी कुटी बांधवून दिली. तिच्या दाराशी पत्नी बराच वेळ उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तुमच्या यादीत माझाच संसार आहे. माझे शिवणयंत्र, आईची पितळी भांडी. तुमची पुस्तके कुठे आहेत?" मला उत्तर देता आले नाही. रुग्णांना विचारल्याशिवाय मी साधे इंजेक्शनही देत नाही. घरात मात्र न विचारताच औषधयोजना करून मोकळा झालो होतो.

वाचकहो, साधेपणा दोघांनी निवडला तरच तो पथ्यकर ठरतो. एकाने लादला, तर दुसऱ्यासाठी तो वियोग असतो. वृद्धांची काळजी घेणाऱ्या मुला-सुनांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. आईवडिलांच्या वस्तू त्यांच्या माघारी काढू नयेत. एका वेळी एकच कपाट उघडावे आणि "हे राहू द्यायचे का?" असे त्यांनाच विचारावे.

सुरुवात मात्र आरोग्यापासून करा. सरकणारी पायपुसणी, वाटेतल्या वायरी, डगमगती स्टुले आधी हलवा. उतारवयात घरातल्या घरात पडून खुब्याचे हाड मोडणे ही नित्याची गोष्ट आहे. मुदत संपलेली औषधे बाजूला काढा. चालू औषधांची एकच यादी ठेवा. त्यांतले कोणतेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. चष्मा, काठी, श्रवणयंत्र, न्हाणीघरातला आधाराचा दांडा आणि रात्रीचा मंद दिवा यांत काटकसर नको. गुडघे दुखत असतील, तर जमिनीवर बसण्याचा हट्टही नको. उंच, हातांची खुर्ची साधेपणाच्या आड येत नाही.

परतल्यावर मी जुनी यादी फाडली. नवी आम्ही दोघांनी मिळून केली. तिला दोन महिने लागले. माझी पुस्तके गावच्या वाचनालयात गेली, पितळी भांड्यांतली निम्मी मुलीकडे. नव्या घरात खिडकीखालची जागा शिवणयंत्राची आहे. तेथे बसलेल्या पत्नीला मी हाक मारत नाही. ती तिची कुटी आहे.