जिभेवरचा इतिहास

१९४३च्या एप्रिलमध्ये पालेर्मोवर झालेल्या दोस्तराष्ट्रांच्या बॉम्बवर्षावात जुझेप्पे तोमासी दि लाम्पेदूझा याचे वडिलोपार्जित घर उद्ध्वस्त झाले. १८९६ साली तो जन्मला तो याच घरात, आणि मरणही तेथेच येईल या समजुतीत त्याला एक समाधान होते. बारा वर्षांनी, १९५५च्या सुमारास, तो बालपणीच्या आठवणी लिहू लागला. ‘इल गात्तोपार्दो’ ही कादंबरीही त्याच काळात आकार घेत होती. दोन्ही लेखनांचे मूळद्रव्य एकच, हरवलेली घरे.

त्यांतले दुसरे घर आजोळचे, सान्ता मार्गेरिता दि बेलिचे या गावचे. पालेर्मोहून तेथे जायचे म्हणजे कास्तेलवेत्रानोपर्यंत आगगाडी आणि पुढे घोडागाडी. ऊन, धूळ आणि न संपणारा वैराण मुलूख. कादंबरीतील सालिना कुटुंब १८६०च्या ऑगस्टमध्ये दोन्नाफुगाताला जाते, त्या तीन दिवसांच्या प्रवासात हीच धूळ आहे. काळ पणजोबांचा, पण घशाला पडलेली कोरड नातवंडाच्या मुलाची.

प्रवासानंतर भोजन येते, आणि कादंबरीचा इतिहास खऱ्या अर्थाने तेथे उलगडतो. गावची मंडळी धास्तावलेली असतात, की परदेशी रीतीप्रमाणे आरंभी पातळ सूप वाढले जाणार. प्रत्यक्षात येतो मॅकरोनीचा टिम्बालो. सोनेरी, खरपूस कवच फोडताच साखर-दालचिनीचा दरवळ सुटतो, मागोमाग कोंबडीची काळिजे, उकडलेली अंडी, हॅम आणि ट्रफल यांचा वाफाळता ऐवज. मांसाच्या पदार्थात साखर-दालचिनी घालणाऱ्या या चवीत सिसिलीवरील अरब राजवटीच्या खुणा शोधल्या जातात. बेतामागे सरदारघराण्यांत रुजलेले फ्रेंच पाकशास्त्रही आहे. बेटावर कोण कोण राज्य करून गेले, ते निवेदकाला सांगावे लागत नाही. याच पंक्तीला नवश्रीमंत महापौराची कन्या आंजेलिका प्रथम अवतरते. सत्तांतराची वार्ता जाहीरनाम्याआधी पानावर वाढली जाते.

ऐतिहासिक कादंबरीची विश्वसनीयता दस्तऐवजांवर अवलंबून असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. दस्तऐवज तारीख देतो. ती तारीख जगणाऱ्याची भूक तो देत नाही. मात्र चवीच्या स्मृतीलाही वर्ग असतो. लाम्पेदूझाला आठवते ते वाढलेले ताट. चुलीपुढे घामाघूम झालेला देह त्या स्मृतीच्या कडेला राहतो. डाव्या समीक्षकांनी या कृतीला प्रतिगामी ठरवले, त्या आक्षेपातील हा अंश नाकारता येत नाही.

तरीही ही कादंबरी गतवैभवाची नुसती आळवणी ठरत नाही, याचे कारण तिच्यातील अन्नाच्या स्वभावातच आहे. अन्न संपण्यासाठीच रांधले जाते. पहिल्या प्रकरणात रमची जेली किल्ल्याच्या आकाराची असते. तटबुरूज खाणाऱ्यांच्या हल्ल्यात ढासळत जातात आणि शेवटच्या मुलापर्यंत अवशेषच पोचतात. काळ गारिबाल्डीच्या सिसिलीतील आगमनाचा आहे. पुढे १८६२च्या नृत्यसमारंभात, छतावर चितारलेले देव स्वतःला चिरंतन समजत असताना, निवेदक एका वाक्यात ऐंशी वर्षे ओलांडतो आणि १९४३च्या बॉम्बचा उल्लेख करतो. कालविपर्यासाचा हा दोष नव्हे. ज्याचे घर पडले आहे, त्याने भूतकाळाच्या पंक्तीत बसतानाही आपले ढिगारे लपवलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

१९५७च्या जुलैमध्ये लाम्पेदूझाचा मृत्यू झाला; दोन प्रकाशनसंस्थांनी नाकारलेली कादंबरी १९५८मध्ये प्रसिद्ध झाली. १९६८च्या जानेवारीतील भूकंपाने सान्ता मार्गेरिताही जमीनदोस्त झाले. त्या टिम्बालोची वाफ मात्र अजून पानावर आहे. ती घर परत मागत नाही. येथे माणसे जेवत होती, एवढीच साक्ष देते.